आधी फ्यूज, मग पाना

मुरुड म्हटलं की पुष्कळांना जंजिऱ्याचं मुरुड आठवतं. आमचं मुरुड ते नव्हे. आमचं मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावरचं, समुद्रापासून फार लांब. या मुरुडला माझ्या लहानपणी सर्वपित्री अमावास्येला दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या. घरोघरी पितरांचं जेवण आणि आरा मशीन बंद. सुतार, लोहार, गवंडी अमावास्येला हत्याराला हात लावत नसत. वर्षभर किंचाळणारी मशीन त्या दिवशी गप्प राहायची आणि तो गप्पपणा आम्हा पोरांना गल्लीतून ऐकू यायचा.

पण मशीनच्या आत त्या दिवशी खरं काम चालायचं. नऊ दिवसांवर खंडेनवमी आलेली असायची. मशीनला हळद-कुंकू लागणार, झेंडूची माळ पडणार. त्याआधी ती उघडून, धुऊन-पुसून, ग्रीस भरून पुन्हा बसवायची. हे काम करायला एक उस्ताद यायचे. ते आमच्या वडिलांचे दोस्त, म्हणून मी त्यांना चाचा म्हणायचो. मशीनचे मालक आणि कामगार हिंदू, उस्ताद मुसलमान. त्यांना अमावास्येची अडचण नव्हती आणि मशीन तर रिकामी होती. अशी दोघांची सोय एका दिवसावर जमून गेली होती. रॉकेलचा डबा धरायला आणि पाने हातात द्यायला मी असायचो.

उस्ताद आले की आधी पिशवीतून पाना काढत नसत. आधी मेन स्विच बंद करायचे. मग पेटी उघडून चिनी मातीच्या तिन्ही फ्यूज उपसायचे, सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि खिशाचं बटण लावायचे. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, “पहिले फ्यूज, मंग पाना.” दिवसभर ते वाकले की खिशातल्या फ्यूज एकमेकींवर आपटून किणकिणायच्या. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. ती का नव्हती, ते पुढे सांगतो. आधी ती मशीन काय होती ते सांगायला हवं.

करवत हा शब्द संस्कृतातल्या ‘करपत्र’ या शब्दावरून आला. तो आपल्या भाषेत इतका मुरला की लुगड्याच्या काठावर दातेरी नक्षी दिसली तर त्या लुगड्याला करवतकाठी म्हणतात. आरा हा शब्द फारसीतून आला. मोठ्या करवतीनं ओंडके चिरणारा तो आराकश, म्हणजे आरा ओढणारा. मराठवाड्यात करवत आणि आरा दोन्ही शब्द शेजारी-शेजारी राहिले. हातातली ती करवत, मोठी तो आरा.

वीज आणि इंजिन येण्याआधी ओंडका चिरायला दोन माणसं लागत. जमिनीत खड्डा खणायचा, ओंडका त्यावर आडवा टाकायचा. एक जण ओंडक्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात. वरचा रेषेवर नजर ठेवायचा आणि सगळा भुसा खालच्याच्या डोळ्यांत जायचा. शिवाय दाते एका दिशेनं ओढतानाच चांगले कापतात, परत जाताना नुसते घासतात. म्हणजे निम्मी मेहनत वाया.

करवत परत न्यावीच लागू नये, ती एकाच दिशेनं चालत राहावी, हा विचार युरोपात अठराव्या शतकात कागदावर आला. इंग्लंडमध्ये साउथहॅम्प्टनच्या सॅम्युअल मिलर यानं 1777 साली गोल फिरणाऱ्या करवतीचं पेटंट घेतलं. सुताराच्या दुकानात दिसणारी चक्री ती हीच. पण चक्रीला मर्यादा आहे. जाड ओंडका एका दमात चिरायचा तर तिचा व्यास ओंडक्याच्या जाडीच्या दुपटीहून जास्त लागतो. एवढी मोठी चकती जाडही करावी लागते आणि चीर रुंद पडून पुष्कळ लाकडाचा भुसा होतो.

मग पट्ट्यासारखी लांब, पातळ करवत दोन चाकांवरून फिरवायची कल्पना निघाली. विल्यम न्यूबेरी यानं 1808 साली इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. चाकं होती, पट्टा होता, सगळं होतं. तरी ती मशीन पुढची कित्येक वर्षं उपयोगाची ठरली नाही. कारण पट्टा गोल करायचा तर दोन टोकं जोडावी लागतात आणि तो जोड चाकावरून वळताना तुटायचा. फ्रान्समध्ये अ‍ॅन पॉलिन क्रेपँ नावाच्या बाईनं 1846 साली हा जोड पक्का करण्याची रीत काढली. पॅरिसच्या पेरँ यांच्या कंपनीनं ती रीत घेतली, चांगलं पोलाद वापरलं, तेव्हा कुठे ही मशीन जगभर गेली. त्या पट्ट्याच्या करवतीला आपण आज आरा मशीन म्हणतो.

आमच्या भागात ती यायला आधी रस्ता तयार व्हावा लागला. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आली आणि पुढे 1911 पर्यंत लातूरला पोचली. मुरुड त्याच वाटेवर. निजामी राज्यातल्या या कोरड्या भागात उंच सागाचं जंगल नव्हतं. इथलं लाकूड म्हणजे बाभूळ, लिंब, आंबा. घराच्या तुळईसाठी साग हवा तर तो बाहेरूनच यायचा. पुढे किर्लोस्करांच्या पुण्याच्या कारखान्यातून, 1946 साली सुरू झालेल्या, डिझेल इंजिनं निघू लागली. विहिरीवरचं इंजिन काय आणि गिरणीचं काय, पट्टा चढवला की ते काहीही फिरवायचं. विजेची मोटर त्यानंतर आली. मी पाहिली ती मशीन मोटरवर चालायची.

आता त्या अमावास्येकडे परत येऊ. फ्यूज खिशात गेल्यावर उस्ताद मोटरचा पट्टा उतरवायचे. मग वरच्या चाकाचा ताण सोडायचे. या मशीनमध्ये खालचं चाक मोटर फिरवते, वरचं चाक पातं ताणून धरतं. ताण सोडला की वरचं चाक थोडं खाली येतं आणि पातं सैल पडतं. ते उतरवणं हे धोक्याचं काम, कारण ताणातून सुटलेलं पोलाद सापासारखं उसळतं. हाताला गोणपाट गुंडाळून दोन माणसं ते काढायची आणि तीन वेढे घालून बाजूला ठेवायची. वेढे घालताना उस्ताद जोडावरून बोट फिरवायचे. जोड तिथंच दिलेला असायचा. दोन्ही टोकं तिरकी घासून, एकावर एक ठेवून, मध्ये टाकणखार आणि पितळ घालून तापवलेला. क्रेपँ बाईंचं नाव मी त्यानंतर कितीतरी वर्षांनी वाचलं. पण त्यांनी सोडवलेलं कोडं मुरुडच्या एका शेडमध्ये नेहमी नव्यानं सोडवलं जात होतं.

त्यानंतर चाकाची पाळी. लाकडाचा चीक आणि भुसा मिळून चाकाच्या कडेवर काळा थर बसतो. तो डांबरासारखा घट्ट होतो. पातं चाकावर टिकतं ते कडेच्या अगदी थोड्या फुगीरपणामुळे. फिरता पट्टा उंच भागाकडे चढतो, म्हणून तो मध्यावर राहतो. थर चढला की हा उंचवटा बिघडतो, पातं भटकतं, चीर वाकडी जाते आणि एखाद्या दिवशी पातं चाकावरून सुटतं. म्हणून तो थर रॉकेल लावून, खरवडून काढायचा. मग वरचं चाक चेन कुप्पीला टांगून उतरवायचं. उतरवण्याआधी चाक आणि दांडा दोन्हींवर छिन्नीनं समोरासमोर खूण करायची. उस्ताद सांगायचे, जे जसं निघालं तसंच परत बसलं पाहिजे. खुणेशेजारी ते पोगरानं एक टिंब मारायचे. दरवर्षी एक.

बेरिंग रॉकेलमध्ये धुऊन ते कानाशी धरून फिरवायचे. चांगल्या बेरिंगचा आवाज एकसारखा येतो, झिजलेलं करकरतं. मग ग्रीस. तेही गच्च भरायचं नाही, कारण जास्त ग्रीसनं बेरिंग तापतं. शेवटी वरच्या चाकापासून ओळंबा सोडून खालचं चाक त्याच रेषेत आहे का ते बघायचं. पातं चढवायचं, ताण द्यायचा आणि चाक हातानं पुरे दहा फेरे फिरवायचं. कुठं घासत नाही, अडत नाही याची खात्री झाली, सगळे पाने मोजून पिशवीत गेले, मी मशीनपासून चार पावलं मागं सरलो, की मगच खिशाचं बटण उघडायचं आणि फ्यूज बाहेर यायच्या.

छत्तीस इंची चाक मिनिटाला सहाशे फेरे घेतं असं धरलं तर पात्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. गंमत अशी की इतक्या वेगात दाते दिसतच नाहीत. पातं नुसती एक स्थिर, चकचकीत पट्टी वाटते. आणि मोटर बंद केली तरी ती जड चाकं बराच वेळ आवाज न करता फिरत राहतात.

आता ती दोन बोटं. उस्ताद तरुण होते तेव्हा दुसऱ्या एका गावात, दुसऱ्या एका आऱ्यावर कामाला होते. दुपारी वीज गेली. वीज गेली म्हणजे मशीन बंद, असं सगळ्यांनी धरलं. कोणीतरी म्हणालं, तोवर खालचं चाक खरवडून घे. स्विच चालूच राहिलेला. वीज गेल्यावर आपोआप सुटणारा आणि परत दाबल्याशिवाय मशीन चालू न करणारा स्टार्टर तिथं नव्हता. काही वेळानं वीज आली. पुढचं उस्ताद कधी सांगत नसत. एवढंच म्हणायचे, “बटन कुणी दाबलं नाही, बेटा. बटन दाबायला कुणी लागलंच नाही.”

पुढे लातूरला बीए करताना वाचनालयात बसून मी कायदा शोधला. 1948 च्या कारखाने कायद्यात कलम 21 होतं, धोक्याच्या फिरत्या भागांना कुंपण घाला. कलम 22 होतं, चालत्या यंत्राजवळ कोणी आणि कसं काम करायचं ते. कायदा चांगलाच होता. पण विजेवर चालणारी जागा कारखाना ठरायची ती साधारणपणे दहा कामगार असतील तर. गावच्या आऱ्यावर चार-पाच माणसं. लहान जागांनाही कायदा लावायचा अधिकार कलम 85 नं राज्य सरकारांना दिला होता. पण तो आमच्याकडच्या एखाद्या आऱ्याच्या शेडपर्यंत पोचलेला मी तरी पाहिला नाही. 2020 च्या नव्या संहितेत कारखान्याच्या व्याख्येतला हा दहाचा आकडा वीसवर गेला.

दुसरा कायदा 1923 चा, कामगार नुकसानभरपाईचा. त्याच्या परिशिष्टात अवयवांची यादी आहे. कोणता अवयव गेला तर माणसाची कमावण्याची शक्ती किती टक्क्यांनी घटली असं धरायचं, ते त्यात लिहिलं आहे. अंगठा गेला तर तीस टक्के. तर्जनी पुरी गेली तर चौदा. एका हाताची दोन बोटं गेली तर वीस. मी ती ओळ वहीत उतरवून घेतली आणि सुट्टीत उस्तादांना वाचून दाखवली. त्यांना त्या वेळी काहीच मिळालं नव्हतं, मागायचं असतं हेही कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी उरलेल्या तीन बोटांचा हात उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, “वीस? म्हणजे अजून ऐंशी आहे म्हण की.” मला हसावं की काय करावं ते कळेना.

नंतर 1993 साल आलं. 30 सप्टेंबर, पहाटे चारच्या सुमारास. किल्लारी आणि सास्तूरच्या बाजूला काय झालं ते मी नव्यानं सांगायला नको. लोक गणपती विसर्जन करून झोपले होते. आठ-दहा हजारांच्या घरात माणसं गेली. लगेच पितृपक्ष लागला. 15 ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या आली, तेव्हा कोणाच्या पितरांना कोणी जेवू घालायचं असा प्रश्न कितीतरी घरांत होता, आणि काही ठिकाणी तर घरच उरलं नव्हतं. त्या दिवशीही उस्ताद आले. कोणी कोणाशी बोललं नाही. काम मात्र नेहमीसारखं झालं.

आमच्या भागातली जुनी घरं माळवदाची. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, त्यावर सर, सरांवर किलच्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर. भूकंपानंतरच्या पाहण्यांत दिसलं की माणसं गाडली गेली ती मुख्यतः या भिंती आणि या मातीच्या वजनाखाली. जिथं छताचा भार लाकडी खांबांच्या सांगाड्यावर होता, तिथं भिंती ढासळूनही काही ठिकाणी सांगाडा उभा राहिला. पण भीतीला एवढा फरक कळत नाही. जी घरं पडली नव्हती, त्यांची माळवदंही लोकांनी आपल्या हातानं उतरवली आणि पत्रे टाकले. बावन्न गावं तर नव्या जागी वसवली गेली. आणि पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर असलेलं लाकूड अंगणात येऊन पडलं. त्यातलं काही बैलगाडीतून, काही ट्रॅक्टरमधून आऱ्यावर यायला लागलं. कोणाला तुळईच्या फळ्या करून हव्या होत्या, कोणाला सरांच्या चौकटी.

त्या लाकडात खिळे होते. जुने, लोहारानं घडवलेले, वरून गंजून तुटलेले आणि आत तसेच राहिलेले. ते दिसत नाहीत. फक्त लाकडावर काळसर डाग असतो. तशा खिळ्यावर पातं गेलं की दाते उडतात आणि कधी पातंच तुटतं. पुढच्या वर्षीच्या अमावास्येला मशीन उघडली तेव्हा चाकाच्या कडेवर चरे पडलेले होते. थर खरवडताना त्यात खिळ्याचे बारीक तुकडे निघाले. नेहमीचा थर बाभळीचा लालसर-काळा. या वर्षीच्या थरात सागाचा वास होता, चुलीच्या धुराची काजळी होती. उस्तादांनी तो थर नेहमीसारखा उकिरड्यावर टाकला नाही. कागदात गुंडाळून लिंबाच्या बुडाशी ठेवायला सांगितला. मी कारण विचारलं नाही.

त्यानंतर त्यांनी एक नियम केला. बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून ते सुतळीला बांधलं. जुनं लाकूड आलं की आधी ते चुंबक चारही अंगांनी फिरवायचं. जिथं ओढलं जाईल तिथं खडूची खूण. खिळा काढल्याशिवाय ओंडका गाडीवर चढवायचा नाही. मालकाला हा वेळ खाणारा प्रकार आवडला नसावा, पण एक पातं वाचलं की त्यात सगळं भरून निघतं हे त्यालाही कळत होतं. माणसाची बोटं त्या हिशेबात आपोआपच वाचत होती.

यानंतरची गोष्ट लहान आहे. जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1996 साली मोठा आदेश दिला आणि त्याच खटल्यात 2002 साली सांगितलं की केंद्रीय उच्चाधिकार समितीच्या परवानगीशिवाय नव्या सॉ मिल उघडू देऊ नका. झाडांच्या दृष्टीनं ते गरजेचं होतं. पण त्याचा एक परिणाम असा की नवी गिरणी काढणं अवघड झालं आणि आहे ती जुनी मशीन जपून वापरणं भाग पडलं. उस्तादांसारख्या माणसांची किंमत तेव्हा थोडी वाढली. मात्र तोवर घरांमध्ये सळई-सिमेंट आलं होतं, चौकटी लोखंडाच्या झाल्या होत्या, खिडक्या अ‍ॅल्युमिनियमच्या. चिरायला लाकूडच कमी झालं.

उस्ताद आता नाहीत. ती मशीनही नाही. ती भंगारात निघाली त्या दिवशी मी गावात होतो. वरच्या चाकाचा दांडा टेम्पोत चढवताना छिन्नीची खूण दिसली आणि तिच्या बाजूची टिंबं. मी मोजली. सव्वीस होती. त्यातली कितीतरी मारली गेली तेव्हा रॉकेलचा डबा माझ्या हातात होता. यंत्रांचा इतिहास लिहिला जातो तो पेटंट घेणाऱ्यांच्या नावानं. तो लिहिलाच पाहिजे. पण ज्यांनी ही यंत्रं उघडली, पुसली, पुन्हा बसवली, त्यांच्या नोंदी अशाच कुठंतरी दांड्यावर असतात आणि किलोच्या भावानं जातात.

बोलणं संपवताना एक कामाची गोष्ट. आज आपल्या घरोघरी फिरती यंत्रं आहेत. कडबाकुट्टी आहे, मळणीयंत्र आहे, पिठाची गिरणी आहे. मळणीयंत्रात हात गमावणाऱ्यांची संख्या इतकी वाढली होती की 1983 साली त्यासाठी धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा करावा लागला. यंत्र अडकलं की आपला पहिला हात त्याच्या तोंडाकडे जातो. तो आधी पेटीकडे जाऊ द्या. वीज गेलेली असली तरीही, कारण गेलेली वीज येते. आता चिनी मातीच्या फ्यूज बऱ्याच ठिकाणी नाहीत, त्याऐवजी बटणं असतात. ती खिशात घालता येत नाहीत. मग पेटीला साधं कुलूप लावा, किल्ली खिशात टाका आणि खिशाचं बटण लावा. चाक पूर्ण थांबलंय ना, ते डोळ्यांनी बघा. पाना त्यानंतर.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)